थुंकी पॉझिटिव्ह टीबी आणि फुटलेलं आतडं, तातडीची भूल: काळजी नेमकी कशाची घ्यायची?

भूलविद्यार्थी

नमस्कार. भूलशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतोय, दुसरं वर्ष. प्रश्न लांबलाय, पण तुकड्यांत विचारला तर उत्तरंही तुकड्यांत येतील, म्हणून सगळं एकदम लिहितो.

परवा रात्री कॅज्युअल्टीतून फोन आला. आतडं फुटलेलं, पोट कडक, एक्स-रेत डायफ्रॅमखाली हवा, नाडी १३०, बीपी घसरायला लागलेलं. सर्जन म्हणाले लगेच घ्या. आणि केसपेपर उलटला तर मागच्या पानावर: थुंकीत टीबीचे जंतू, औषधं सुरू होऊन आठवडाही नाही. पेशंट ट्रॉलीवर सतत खोकत होता.

मग ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, प्रत्येकाचं वेगळं शास्त्र सुरू झालं. एक जण म्हणे एसी बंद करा, नाहीतर जंतू सगळ्या मजल्यावर पसरतील. दुसरा म्हणे स्पायनल (पाठीत सुई देऊन कमरेखालची भूल) देऊन मोकळा हो, श्वासनलिकेत नळीच टाकू नकोस. तिसऱ्याने कपाटावरून कोविडातला अ‍ॅक्रिलिकचा डबा काढून पुसायला घेतला. बॅगिंग (मास्क लावून पिशवीने श्वास देणं) अजिबात करायचं नाही यावर मात्र सगळ्यांचं एकमत. प्रत्यक्षात १०० टक्के ऑक्सिजन देऊनही सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९४ च्या वर जाईना, आणि औषधं दिल्यावर ते असं कोसळलं की मी बॅगिंग केलंच. नळी पडली, ऑपरेशन झालं, पेशंट नळीसकट आयसीयूत गेला, अजून तिथेच आहे.

सकाळी टेक्निशियनने मशीन कुणाला वापरू दिलं नाही. सर्किट (मशीनच्या श्वासाच्या नळ्या) फेकलं, कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइम ओतून टाकला, तरी त्याचं समाधान होईना.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. हवेचं काय करायचं? बॅगिंग खरंच इतकं वाईट आहे का? आणि मशीनचं खरोखर किती करावं लागतं? शिवाय मला स्वतःला काही होण्याची शक्यता किती, हेही. हे शेवटचं घरी विचारता येत नाही म्हणून इथे.

---

जुनी भूलवाली

वयाने मोठी आहे म्हणून ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस.

टीबी कसा पसरतो तिथून सुरुवात करू, कारण त्या रात्रीचा निम्मा गोंधळ तिथलाच आहे. खोकल्यातले मोठे थेंब खाली पडतात, त्यांची फारशी भीती नाही. बारीक थेंब हवेत वाळतात आणि १ ते ५ मायक्रॉनचे कण उरतात. ते जमिनीवर बसत नाहीत, हवेबरोबर तासन्‌तास फिरतात आणि श्वासातून थेट वायुकोशात उतरतात. म्हणजे टेबल पुसून, गाउनवर गाउन चढवून टीबी अडत नाही. तो अडतो नाकावर नीट बसलेल्या एन-९५ ने आणि खोलीतली हवा किती भराभर बदलते त्याने. तुमच्याकडे जास्त मेहनत पुसण्यावर झाली असणार, पैज लावते.

आता एसी. बंद करा म्हणणाऱ्याचा तर्क मला कळतो. ओटीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवलेला असतो, दार उघडलं की आतली हवा बाहेर ढकलली जाते. तर्क खरा, पण त्यावरचा उपाय दार बंद ठेवणं हा आहे. चांगल्या ओटीत तासाला १५ ते २० वेळा हवा बदलते. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा तक्ता आहे: तासाला २० बदल असतील तर हवेतले ९९ टक्के कण निघायला १४ मिनिटं, ९९.९ टक्के निघायला २१. पंधरा बदलांना १८ आणि २८. सहाच बदल असतील तर ४६ आणि ६९. यंत्रणा बंद केलीस की हे सगळं थांबतं आणि तू, सर्जन, सिस्टर त्याच हवेत दोन-तीन तास उभे. तक्ता हवा खोलीभर नीट मिसळते असं धरून केलेला आहे, कोपऱ्यांना जास्त वेळ लागतो, त्यामुळे मी त्या आकड्यांवर थोडी भर घालूनच चालते.

आणि एक तपासून घे, तुमच्या ओटीत खरं वायुवीजन आहे की नुसता भिंतीवरचा स्प्लिट एसी? तो तीच हवा थंड करून परत देतो. तसं असेल तर हेपा फिल्टरचं (अगदी बारीक कण गाळणारं) फिरतं यंत्र मागवून पेशंटच्या डोक्याशी लावायचं.

एन-९५ झडपवाला नको. झडपेतून तुझा उच्छ्वास न गाळता बाहेर येतो, थेट उघड्या पोटावर. पेशंटला मात्र एन-९५ लावायचा नाही, आधीच धाप लागलेल्या माणसाला तो सोसवत नाही. वॉर्ड ते ओटी त्याच्या तोंडावर साधा सर्जिकल मास्क पुरतो. त्याचं काम बाहेर पडणारे थेंब अडवणं, आपल्याचं काम आत येणारे कण गाळणं.

स्पायनलबद्दल: पायाचं ऑपरेशन असतं, सिझेरियन असतं, तर मीही आधी स्पायनलच म्हटलं असतं. श्वासमार्गाला हात लागत नाही, पेशंटचा मास्क तोंडावरच राहतो. पण सेप्सिसमध्ये (संसर्ग अंगभर भिनल्यावर) घसरणाऱ्या बीपीवर एवढा उंच स्पायनल म्हणजे ते बीपी मग हाती लागत नाही. शिवाय भरलेलं पोट, आणि जागा पेशंट दोन तास खोकत पडलेला. तू जनरल, म्हणजे पूर्ण बेशुद्धीची भूल, दिलीस ते बरोबर केलंस.

बॅगिंगवर जरा थांबते, कारण इथे भीतीने शहाणपणावर मात केलेली मी बरेचदा पाहिली आहे. ‘बॅगिंग नको’ हे आलं सार्सवरून. २००३ च्या त्या साथीतल्या आकडेवारीचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये निघाला, त्यात इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) करणाऱ्यांना, न करणाऱ्यांच्या तुलनेत, संसर्ग होण्याचं गुणोत्तर ६.६ निघालं. तो आकडा सगळ्यांच्या मनात बसला. मात्र ते अभ्यास कोण आजारी पडलं हे मोजत होते, हवेत काय उडालं हे नाही. आजारी माणसाच्या तोंडाशी जास्त वेळ कोण उभं असतं? इंट्युबेशन करणाराच. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी चालू ओटीत कण मोजले. स्नायू पूर्ण शिथिल केलेल्या पेशंटच्या इंट्युबेशनमध्ये मुद्दाम केलेल्या एका खोकल्याच्या सुमारे ५०० पट कमी कण मिळाले. नळी काढताना, विशेषतः पेशंट खोकला तर, इंट्युबेशनच्या १५ पट जास्त. ते पेशंट टीबीचे नव्हते, हे खरं. पण कण कशाने उडतात ते त्यातून कळतं: खोकल्याने.

म्हणून मी सगळा बेत खोकल्याभोवती आखते. डोकं थोडं उंच, तीन ते पाच मिनिटं १०० टक्के ऑक्सिजन, मास्क दोन्ही हातांनी घट्ट, आणि मास्कला चिकटूनच फिल्टर. स्नायू शिथिल करणारं रोक्युरोनियम किलोला १.२ मिलिग्रॅम देऊन पुरतं एक मिनिट थांबायचं. घाईत अर्धवट शिथिल झालेल्या घशात लॅरिंगोस्कोप (घसा बघायची दुर्बीण) घातला की पेशंट तुझ्या तोंडावर खोकणार. बीपी असं असेल तर भुलीचं केटामिन हात राखून, बीपी चढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन आधीच जोडलेलं. सॅच्युरेशन कोसळलं तर बॅगिंग करायचं, त्याची शरम नको. दोघांनी: एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दुसऱ्याने हलके श्वास द्यायचे, दाब १५ सेंटिमीटर पाण्याच्या खाली, म्हणजे पोटात हवा भरत नाही. फिल्टरमधून जाणारा तो श्वास कुणाला मारत नाही, ऑक्सिजनची कमतरता मारते. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असेल तर तोच, तुझं तोंड लांब राहतं. आधी कफ (नळीभोवतीचा फुगा) फुगवायचा, मगच पहिला श्वास. नळी जागेवर आहे का ते कॅप्नोग्राफवर (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) बघ.

तो अ‍ॅक्रिलिकचा डबा परत कपाटावर ठेव, किंवा त्यात सलाइनच्या बाटल्या ठेव. २०२० च्या वसंतात तो जगभर गाजला, आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध-उपकरणांवरची सरकारी नियामक संस्था) हवा खेचण्याची सोय नसलेल्या अशा डब्यांची तातडीची परवानगी काढूनही घेतली. हात अडकतात, इंट्युबेशनला वेळ जास्त लागतो.

मशीन: नळी आणि वाय-पीस (जिथे सर्किटच्या दोन नळ्या जुळतात तो जोड) यांच्या मधे चांगला फिल्टर होता का? असेल तर सर्किट आणि फिल्टर टाकायचे, मशीन बाहेरून पुसायचं, झालं. दुसरा फिल्टर एक्स्पिरेटरी (उच्छ्वासाची) नळी मशीनला लागते तिथे असला तर आणखी निश्चिंत. सोडा लाइम ओतून टाकायचं कारण नाही. कॅप्नोग्राफची बारीक नळी फिल्टरच्या मशीनकडच्या बाजूने काढलेली असावी, पेशंटकडच्या नाही, हे मात्र बघ. यातच गफलत होते आणि न गाळलेली हवा मॉनिटरमध्ये जाते. ऑपरेशन लांबलं तर फिल्टर थुंकीने किंवा पाण्याने भिजतो, भिजला की बदल. बदलताना व्हेंटिलेटर स्टँडबायवर, नळीला क्लॅम्प, मग जोड सोडायचा.

आणि जे तू विचारलंच नाहीस: नळी काढणं. तेव्हा सगळे सैलावलेले असतात. एन-९५ गळ्यात येतो, दार सताड उघडं, कुणीतरी पुढच्या केसचं विचारायला आत डोकावतं, आणि नेमका तेव्हा पेशंट जोरात खोकतो. माझ्या मते त्या खोलीतला सगळ्यात वाईट क्षण तोच. तुझा पेशंट नळीसकट गेला, म्हणजे तो क्षण अजून यायचाय. आयसीयूतल्या लोकांना आत्ताच सांगून ठेव.

---

ओटी इन्चार्ज

मी डॉक्टर नाही, ओटीची सिस्टर आहे. मॅडमचं पटलं. पण दारं बंद ठेवा असं लिहिणं सोपं आहे, ती बंद ठेवायची कशी ते मी सांगते.

दार उघडतं कारण काहीतरी राहिलेलं असतं. म्हणून पेशंट आत येण्याआधी दोन्ही डॉक्टरांकडून तोंडी यादी घ्यायची: कोणता टाका, कोणता ड्रेन, किती रक्त, कोणती नळी आणि तिच्या एक नंबर लहान. औषधांची अख्खी ट्रॉली आत नेऊ नका. लागणारी औषधं ट्रेमध्ये भरून न्या, ट्रॉली बाहेर. ट्रॉली आत गेली की रात्रभरात तिच्या प्रत्येक कप्प्यात रक्ताळलेला हातमोजा जातो. बाहेर एक माणूस फक्त आणून द्यायला. तो आत येत नाही, दाराशी टेबलावर वस्तू ठेवतो. दारावर मोठ्या अक्षरात कागद चिकटवा, नाहीतर सफाईवाले मामा सवयीने आत येतात, त्यांच्या तोंडावर साधा मास्क.

अंगावरचं काढताना लोक घाई करतात. आधी हातमोजे, गाउन, हात धुवायचे, मग चष्मा. एन-९५ सगळ्यात शेवटी, तोही खोलीच्या बाहेर, दार लागल्यावर, मागच्या पट्ट्या धरून. दमलेला माणूस सगळ्यात आधी मास्कच ओढतो. म्हणून आमच्याकडे समोर एक जण नुसता बघायला उभा करतो. त्याने तोंड उघडायचं, मोठे डॉक्टर असले तरी.

पुसण्याबद्दल मॅडम म्हणतात ते टीबीपुरतं खरं. हेच सूत्र दुसऱ्या पेशंटला लावू नका बाबांनो. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलने आतडं फुगलेला पेशंट आला तर सगळा खेळ हातांचा आणि पृष्ठभागांचा आहे. त्याचे बीजाणू अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाहीत. साबण-पाण्यानेच हात धुवायचे, आणि खोली क्लोरीनने. तिथे एन-९५ घालून सॅनिटायझर चोळत बसलेले लोक मी पाहिलेत.

---

पोट उघडणारा

सर्जन. एसी बंद केला तर भडकतात ते आम्हीच.

दोन मुद्दे. एक, सगळ्यांनी टीबीच्या नादात सुया विसरू नयेत. असा पेशंट रात्री येतो तेव्हा एचआयव्ही आणि कावीळ बी-सीचे रिपोर्ट बरेचदा हातात नसतात. सुई टोचली तर जोखीम ढोबळमानाने अशी शिकवतात: एचआयव्ही ०.३ टक्के, हिपॅटायटिस सी ३, आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी ३० टक्क्यांपर्यंत. बी ची लस आहे आणि तरी न घेतलेले रेसिडेंट दर वर्षी सापडतात. दुहेरी हातमोजे, आणि सुई-ब्लेड हातातून हातात न देता मधल्या ट्रेवर ठेवायचं. टोचलंच तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या आत, २८ दिवस. लाजून घरी जाऊन झोपू नये.

दोन, नळी काढण्याची एवढी चिंता असेल तर काढूच नका. अशा प्रत्येकाला नळीसकट आयसीयूत पाठवावं, ओटी मोकळी होते. डायथर्मीच्या (विजेने ऊतक कापण्या-जाळण्याच्या) धुरासाठी सक्शन आम्ही लावतोच, तेवढं भूलवाल्यांनी आम्हाला शिकवू नये.

---

जुनी भूलवाली

धुराचं शिकवत नाही, साहेब. सुयांचं लिहिलंत ते बरं केलंत.

पण ‘प्रत्येकाला नळीसकट’ हे मला मान्य नाही. परवाच्या पेशंटला सेप्सिस होता, त्याची नळी राहणं योग्यच होतं. उद्या साधं अपेंडिक्स घेऊन टीबीचा पेशंट आला तर केवळ ओटी मोकळी व्हावी म्हणून त्याला व्हेंटिलेटरवर ठेवायचं? आधीच खराब छातीला आणखी न्यूमोनिया द्यायचा? आणि यात खोकला टळत नाही, आयसीयूत ढकलला जातो. ती खोली स्वतंत्र आणि आत हवा खेचणारी असेल तर ठीक. आठ खाटांच्या मोकळ्या आयसीयूत असेल तर ओटीच बरी.

ओटीत काढायची असेल तर मी असं करते. पेशंट खोल भुलीत असतानाच घसा सक्शन करून घेते, जागा होताना सक्शनची नळी आत घालत नाही. खोकला दाबायला लिग्नोकेन शिरेतून किलोला १ ते १.५ मिलिग्रॅम, नळी काढण्याच्या दोनेक मिनिटं आधी. रोक्युरोनियमचा परिणाम सुगामॅडेक्स या उताऱ्याने पूर्ण उतरवलेला, कारण अर्धवट ताकदीचा पेशंट गुदमरतो आणि मग परत बॅगिंग, परत नळी. पोट भरलेलं होतं तर खोल भुलीत नळी काढायचा मोह टाळायचा, जागा होऊ द्यायचा. नळी निघताक्षणी तोंडावर सर्जिकल मास्क, त्यावर ऑक्सिजन. मग त्याच खोलीत, दार बंद, खोकला थंडावेपर्यंत. कॉमन रिकव्हरीत नाही. पेशंट बाहेर गेल्यावर वर लिहिलेली मिनिटं मोजायची, तोपर्यंत आत जाणाऱ्या प्रत्येकाला एन-९५.

नळीसकट नेत असाल तर वाटेत फिल्टर नळीलाच लागलेला हवा, अ‍ॅम्बू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) त्याच्या पलीकडे. आयसीयूत बंद सक्शन, म्हणजे नळीचा जोड न सोडता. एवढं पाळलं तर वाटेतला धोका फार कमी.

---

भूलविद्यार्थी

मॅडम, सिस्टर, सर, सगळ्यांचे आभार. फिल्टर होता, पण कॅप्नोग्राफची नळी कोणत्या बाजूने होती ते आज जाऊन पाहिलं. पेशंटकडच्याच. टेक्निशियनला दाखवलं.

नवीन घडामोड अशी की पेशंटचा रिपोर्ट आला, जंतू रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देत नाहीत. त्याला बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन सुरू केलंय. उद्या पोट पुन्हा उघडून बघायचं ठरतंय. माझ्या नेहमीच्या यादीत दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल आणि उलटीसाठी ऑनडॅन्सेट्रॉन आहेत. काही बदलू का? आणि माझी सहकारी गरोदर आहे, तिने यायचं का?

---

जुनी भूलवाली

ट्रॅमाडॉल खोड. पेथिडिनही. लिनेझोलिड मोनोअमाइन ऑक्सिडेज या एन्झाइमला सौम्यपणे अडवतं, त्यांच्याबरोबर सेरोटोनिन सिंड्रोम (मेंदूतलं सेरोटोनिन धोकादायक वाढणं) होऊ शकतो. मॉर्फिन चालेल. बीपी पडलं तर ते चढवायला एफेड्रिनला हात लावू नकोस, तेही त्याच कारणाने बेभरवशाचं. नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि फिनाइलेफ्रिन थेट काम करतात, तीच वापर, पण थोड्या डोसने सुरुवात करून. लिनेझोलिडने प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन उतरतं. नुकतंच सुरू झालंय म्हणून अजून फरक नसेल, तरी ताजा रिपोर्ट बघ.

बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन दोन्ही क्यूटी (ईसीजीवरचं एक अंतर, फार लांबलं तर हृदयाचा ठोका बिघडतो) लांबवतात. ऑनडॅन्सेट्रॉन त्यात तिसरं, श्वासातून द्यायची भूल सेव्होफ्लुरेन चौथं. आधी ईसीजी काढ, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम भरून घे, उलटीसाठी डेक्सामेथासोन पुरेल का ते आयसीयूवाल्यांना विचार. शिरेतून प्रोपोफॉलवर भूल चालवता आली तर बघ, बीपीने साथ दिली तर.

जंतू औषधाला दाद देत नाही म्हणून तो जास्त उडत नाही. मास्क, हवा, दार, सगळं तेच. फरक एवढाच की लागण झाली तर उपचार लांबतात, म्हणून ढिलाई कमी. गरोदर सहकारीने येऊ नये, दुसरं कुणी मिळत असताना तिला कशाला ओढायचं? कांजिण्यांचा पेशंट असता तर मी याहून कडक सांगितलं असतं: ज्यांना कांजिण्या होऊन गेल्यात किंवा लस झालीय त्यांनीच आत जायचं, बाकी कुणीही नाही.

उद्या पेशंट नळीसकटच येणार, म्हणजे इंट्युबेशन नाही, बॅगिंगही नाही. आयसीयूतून निघण्याआधी फिल्टर कोरडा आहे का बघ आणि त्याला पूर्ण शिथिल कर, वाटेत नळीवर खोकायला नको.

तुझं स्वतःचं: नीट बसलेला एन-९५ घालून काही तास ओटीत असणं हा लहान धोका आहे. टीबी बहुधा एका खोलीत बराच काळ एकत्र राहणाऱ्यांना होतो. तरी हातावरची त्वचेची चाचणी किंवा रक्ताची आयजीआरए (टीबीची लागण झालीय का ते सांगणारी) या आठवड्यात करून घे. ही तुलनेसाठी आजची नोंद. मग ८ ते १० आठवड्यांनी पुन्हा. आधी निगेटिव्ह आणि नंतर पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे काढून फिजिशियनला गाठ. जंतू रिफॅम्पिसिनला न जुमानणारा आहे हे त्यांना आवर्जून सांग, प्रतिबंधक औषध त्यावरून ठरतं. आणि त्या रात्री तुमच्याकडेही सफाईवाले मामा साध्या मास्कमध्ये आत-बाहेर करत असतील तर त्यांची नावंही यादीत घाल, तुझ्यापेक्षा त्यांची चाचणी जास्त गरजेची आहे.

---

ओटी इन्चार्ज

मामांचं आज सकाळीच आमच्या ओटीतही विचारलं. एन-९५ चा खोका वर कुलपात होता, चावी मेट्रनकडे. आता खोका दारापाशी ठेवलाय.